कोकणातील वनजमीन: ती कशी ओळखावी, तिचा कारभार कोण पाहते आणि ती विकत घेता येते का

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत जमिनीच्या व्यवहारांना जोर आलेला आहे. घाटमाथ्याच्या पायथ्याशी किंवा खाडीच्या काठी एखादी जागा दाखवताना मध्यस्थ हमखास सांगतो की ‘सातबारा क्लिअर आहे, मागे सगळे जंगलच आहे, कोणी हरकत घेणार नाही’. नव्याने कोकणात येणाऱ्या माणसाला हे जंगल म्हणजे जागेची शोभा वाटते. ते जंगल कोणाचे, त्याची हद्द नेमकी कोठे संपते आणि आपण पाहत असलेली जागाच त्यात मोडते का, हे प्रश्न तो विचारत नाही, आणि पुढे अनेक वर्षे चालणाऱ्या दाव्यांचे मूळ बहुधा तेथेच असते. अशा खरेदीदारांसाठी, तसेच ग्रामपंचायतीत किंवा वनहक्क समितीत नव्याने आलेल्या सदस्यांसाठी हा लेख लिहिला आहे.

मुख्य उत्तर सुरुवातीलाच द्यायला हवे. सरकारी वनजमीन खासगी व्यक्तीला विकत मिळत नाही. वन (संवर्धन) अधिनियम, 1980 च्या कलम 2 नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून राज्य सरकारला राखीव वनाचा दर्जा काढता येत नाही, ती जमीन वनेतर कामासाठी वापरू देता येत नाही आणि खासगी व्यक्तीला भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. जे राज्य सरकारला स्वतःच्या अधिकारात करता येत नाही, ते तहसीलदाराच्या एखाद्या आदेशाने किंवा साठेखताने होईल असे कोणी सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मात्र फसवणूक बहुतेक वेळा उघडपणे ‘राखीव वन’ लिहिलेल्या जमिनीत होत नाही. ती होते कागदावर खासगी दिसणाऱ्या, पण कायद्याने वन ठरलेल्या जमिनीत, आणि म्हणूनच पुढच्या पायऱ्यांपैकी दुसरी व तिसरी अधिक सावकाश वाचावी.

पहिली पायरी: जमिनीचा प्रकार समजून घ्या

भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वन आणि संरक्षित वन हे दोन मुख्य प्रकार आहेत. राखीव वनाची प्रक्रिया कलम 4 च्या अधिसूचनेने सुरू होते आणि कलम 20 च्या अधिसूचनेने पूर्ण होते. संरक्षित वन कलम 29 खाली जाहीर होते. कलम 4 झाले आणि कलम 20 व्हायचे राहिले, अशा जमिनीसुद्धा ‘मोकळ्या’ मानू नयेत.

तिसरा प्रकार कोकणात फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे खासगी वन. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन फारच थोडी असून बहुतेक डोंगरउतार वरकस (भातशेतीला न लागणारी हलकी डोंगराळ जमीन) म्हणून खातेदारांच्या नावे आहेत. पूर्वी या उतारांवरून राबासाठी, म्हणजे भाताची रोपे पेरण्याआधी जमीन भाजण्यासाठी, कवळ (डहाळ्या-पाने) तोडली जाई, आता तेथे काजू आणि आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. अशा खासगी डोंगरांपैकी काही 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने (तो तिसऱ्या पायरीत येईल) सरकारजमा झाले, काही झाले नाहीत, आणि दोन्ही प्रकारचे उतार डोळ्यांना अगदी सारखे दिसतात.

चौथा प्रकार न्यायालयाच्या आदेशातून पुढे आला. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात असे ठरवले की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला 1980 चा कायदा लागू होईल. सिंधुदुर्गात ‘वनसंज्ञेच्या जमिनी’ म्हणून ज्यांची चर्चा होते, त्यांचे मूळ या आदेशात आहे. 2023 च्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती बदलली. तरी 19 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1996 ची व्यापक व्याख्या तूर्त पाळण्याचे निर्देश दिले. ‘नवा कायदा आला, आता वनसंज्ञा गेली’ या सांगण्यावर विसंबून कोणीही इसार देऊ नये.

याशिवाय आंबोली, गेळे आणि चौकूळ या गावांतील कबुलायतदार गावकर जमिनी (गावकऱ्यांकडे सामाईक चालत आलेल्या), सावंतवाडी व दोडामार्ग भागातील आकारीपड जमिनी (शेतसारा थकल्याने सरकारजमा झालेल्या) आणि गावोगावच्या देवरहाटी (देवासाठी राखलेली झाडी) यांचे प्रश्न वेगळे आहेत. अशा जमिनीत वहिवाट एकाची, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे आणि वनाची नोंद तिसरीच असू शकते. बाहेरून येणाऱ्याने या जमिनींच्या खरेदीत पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: सातबारा पूर्ण वाचा, आणि सातबाऱ्यावर थांबू नका

महाभूलेख या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून सातबारा कोणालाही पाहता येतो. बहुतेक जण भोगवटादाराचे नाव आणि क्षेत्र पाहून कागद मिटतात. खरे महत्त्व ‘इतर अधिकार’ या रकान्याला आहे. तेथे ‘राखीव वन’, ‘खाजगी वन’, ‘कलम 35(3)’, ‘वनसंज्ञा’ किंवा ‘हस्तांतरणास बंदी’ यांपैकी काही लिहिलेले आहे का, ते पाहावे (कलम 35(3) चा अर्थ तिसऱ्या पायरीत येईल). भोगवटादार वर्ग 2 असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या रकान्यातील कंसाकडे विशेष लक्ष द्यावे. सातबाऱ्यावर एखादी नोंद रद्द झाली की ती पुसली जात नाही, तिला कंस केला जातो आणि शेजारी फेरफाराचा, म्हणजे नोंदीतील त्या बदलाचा, क्रमांक येतो. समजा ‘खाजगी वन’ या शब्दांना कंस केलेला आहे. विकणारा सांगेल की नोंद उडाली, विषय संपला. तसे मुळीच नसते. ज्या फेरफाराने कंस झाला तो फेरफार मागवावा आणि तो कोणाच्या आदेशावरून झाला हे वाचावे. त्यामागे उपविभागीय अधिकाऱ्याचा सुनावणीनंतरचा आदेश असेल आणि त्या सुनावणीत वनविभाग पक्षकार असेल, तर त्या कंसाला वजन आहे. केवळ खातेदाराच्या अर्जावरून किंवा वारस नोंद करताना, संगणकीकरणाच्या वेळी ती नोंद गळाली असेल, तर वनविभाग ती केव्हाही पुन्हा उघडू शकतो आणि त्या वेळी जमीन नव्या मालकाच्या ताब्यात असते.

आता तलाठी कार्यालयाकडे वळू. तलाठ्यांना अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठी हाच शब्द चालतो. त्यांच्याकडे गाव नमुना 1-अ असतो, तो वनजमिनींची नोंदवही असतो. सातबाऱ्यावर काही दिसत नसले, तरी सर्व्हे नंबर 1-अ मध्ये असू शकतो. सोबत 1-ब हा बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींचा आणि 1-इ हा अतिक्रमणांचा नमुना पाहावा. या तीन वह्या पाहण्याचा आग्रह खरेदीदार क्वचितच धरतात.

तिसरी पायरी: शोध 1950 च्या दशकापर्यंत न्या

वकील साधारणपणे तीस वर्षांचा शोध अहवाल देतात. गावठाणातील घर किंवा भातखाचर यांसाठी तेवढे पुरते. कोकणातल्या डोंगरासाठी ते अपुरे आहे, आणि याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 खाली खासगी जंगलांची तोड व नांगरट रोखण्याचा अधिकार सरकारला होता. निर्बंध का घालू नयेत अशी विचारणा करणारी नोटीस कलम 35(3) खाली मालकाला द्यायची असे. अशा अनेक नोटिसा ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात 1950 च्या दशकात निघाल्या. त्या नोटिशीने मालकी जात नव्हती, त्यामुळे बऱ्याच घरांत तो कागद ट्रंकेत पडून राहिला किंवा हरवला. मग महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 आला. 30 ऑगस्ट 1975 या नियत दिनी सर्व खासगी वने कायद्यानेच सरकारकडे निहित झाली आणि खासगी वनाच्या व्याख्येत कलम 35(3) ची नोटीस दिलेल्या जमिनीही होत्या. प्रत्येक सातबाऱ्यावर मात्र ही गोष्ट त्या वेळी चढली नाही. परिणामी पुढची कित्येक वर्षे वारस नोंदी, वाटण्या आणि खरेदीखते जुन्या नावांवर होत राहिली. आज तीस वर्षांचा शोध घेतला, तर या सगळ्या नंतरच्या नोंदी सुरळीत दिसतात आणि 1975 ची मूळ घटना शोधाच्या बाहेर राहते.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण येथे अन्याय दोन्हीकडून झालेला आहे. 30 जानेवारी 2014 रोजी गोदरेज अँड बॉइस कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की नोटीस केवळ निघालेली असून चालत नाही; ती मालकावर बजावलेली असली पाहिजे, आणि दशकानुदशके निपचित पडलेल्या नोटिशीच्या आधारे जमीन सरकारजमा झाली असे म्हणता येत नाही. त्यामुळे सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ लागले म्हणजे सारे संपले, असेही मानू नये. शिवाय 1975 च्या कायद्याच्या कलम 22-अ मध्ये लहान खातेदारांना 12 हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत करण्याची तरतूद आहे आणि कलम 6 खाली ती जमीन खासगी वन आहे की नाही याची चौकशी मागता येते. हा लढा मूळ खातेदाराचा आहे. खरेदीदाराने तो विकत घेऊ नये. आधी खातेदाराने चौकशी पूर्ण करून आदेश मिळवावा, मगच बोलणी पुढे न्यावी.

म्हणून वकिलाला लेखी सांगावे की शोध 1950 पासूनचा हवा. जुने सातबारा व फेरफार ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. काही फेरफार मोडीत किंवा जीर्ण झालेले असतात. ते वाचून घेण्यासाठी जाणकार माणूस गाठावा लागतो आणि त्यात वेळ जातो.

चौथी पायरी: वनविभागाकडून लेखी उत्तर घ्या

महसूलचे कागद आणि वनविभागाचे कागद एकमेकांशी जुळतीलच असे नाही, त्यामुळे वनविभागाचे उत्तर स्वतंत्रपणे मागवावे लागते. वनविभागाची उतरंड अशी आहे: नियत क्षेत्रावर वनरक्षक, परिमंडळावर वनपाल, वनपरिक्षेत्रावर वनपरिक्षेत्र अधिकारी आणि विभागावर उपवनसंरक्षक. रायगडसाठी अलिबाग आणि रोहा, रत्नागिरीसाठी चिपळूण आणि सिंधुदुर्गासाठी सावंतवाडी हे विभाग आहेत. वनरक्षक तोंडी सांगेल ते ऐकावे, त्याला आपल्या क्षेत्रातले दगड न् दगड माहीत असतात, पण व्यवहार त्यावर करू नये.

उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस असते. अर्जात ‘ही जमीन वन आहे का’ असा ढोबळ प्रश्न विचारला, तर उत्तरही ढोबळ येते. त्याऐवजी गाव, तालुका, सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर देऊन असे विचारावे: ‘सदर सर्व्हे नंबर भारतीय वन अधिनियमाच्या कलम 4, 20, 29 किंवा 35 खालील कोणत्याही अधिसूचनेत समाविष्ट आहे काय; 1975 च्या अधिनियमाखाली संपादित खाजगी वनांच्या यादीत आहे काय; 1996 च्या आदेशानंतर ओळख पटवलेल्या क्षेत्रात आहे काय; पर्यायी वनीकरणासाठी घेतलेल्या क्षेत्रात आहे काय; असल्यास कक्ष क्रमांक व नकाशाची प्रत मिळावी.’ या प्रश्नाला ‘नाही’ असे लेखी उत्तर आले, तर ते खरेदीच्या कागदांसोबत कायम जपून ठेवावे.

पाचवी पायरी: जागेवर जा, मोजणी करा, खाडी पाहा

भूमी अभिलेख कार्यालयाकडून शासकीय मोजणी करून ‘क’ प्रत घ्यावी आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या वनक्षेत्राचा वनरक्षक हजर राहील असे पाहावे. कोकणात जांभ्याचा गडगा ही हद्द मानण्याची सवय आहे, पण गडगा गुरे अडवण्यासाठी घातलेला असतो आणि तो दरवर्षी चार हात पुढे सरकलेला असू शकतो. वनाची हद्द वनविभागाच्या हद्दखुणांवरून आणि नकाशावरून ठरते.

खाडीकाठच्या जागेत कांदळवन (खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडी) आहे का ते ओहोटीच्या वेळी पाहावे. चिपी, तिवर यांची झाडे खासगी सर्व्हे नंबरात असली, तरी तो भाग वनच मानला जातो, आणि 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास व त्याच्याभोवती 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करण्यास मनाई केलेली आहे. खारभूमीचा बांध फुटल्यावर शेतात खारे पाणी शिरून तेथे तिवरे उगवतात आणि शेतकऱ्याच्या ध्यानीमनी नसताना त्याची शेती कांदळवन ठरते. हा प्रकार दुखरा आहे, पण खरेदीदाराने तो आधी जाणून घ्यायलाच हवा.

सहावी पायरी: ‘सरकारने जमीन दिली’ या दाव्याची परीक्षा

धरण, रस्ता, खाण, वीजवाहिनी यांसाठी वनजमीन दिली जाते, तिला वनजमिनीचे वळतीकरण म्हणतात. यात मालकी बदलत नाही. प्रस्ताव ‘परिवेश’ या केंद्राच्या संकेतस्थळावर दाखल होतो, आधी तत्त्वतः आणि मग अंतिम मान्यता मिळते, जमीन मागणारी यंत्रणा निव्वळ वर्तमान मूल्य (गमावलेल्या वनाची ठरवलेली किंमत) आणि पर्यायी वनीकरणाचा (त्याबदल्यात दुसरीकडे वन वाढवण्याचा) खर्च भरते, आणि मान्यतेच्या अटींत सामान्यतः पहिलीच अट अशी असते की जमिनीचा वैधानिक दर्जा वन असाच राहील. ज्या कामासाठी जमीन मिळाली त्याखेरीज दुसऱ्या कामासाठी ती वापरता येत नाही आणि पुढे कोणाला विकताही येत नाही.

तरीही सरकारी खात्यानेच चुकीने वनजमीन वाटल्याची उदाहरणे आहेत. पुण्यातील कोंढवा बुद्रुक येथील 11.89 हेक्टर राखीव वनजमीन 1998 साली शेतीसाठी म्हणून खासगी व्यक्तींना देण्यात आली आणि पुढे गृहनिर्माण संस्थेला विकण्यात आली. 15 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे वाटप आणि विक्रीची परवानगी बेकायदा ठरवली. याच निकालात न्यायालयाने सर्व राज्यांना विशेष तपास पथके नेमून, महसूल खात्याच्या ताब्यातील राखीव वनजमीन खासगी व्यक्तींना वनेतर कामासाठी दिली गेली आहे का हे तपासण्यास आणि अशा जमिनी परत घेण्यास सांगितले. कोकणात महसूल आणि वन यांच्या नोंदींत जेवढी तफावत आहे, ती पाहता हा आदेश येथील प्रत्येक खरेदीदाराने गांभीर्याने घ्यावा. जिल्हाधिकाऱ्यांचा जुना वाटप आदेश दाखवला गेला, तर त्यामागे केंद्राची 1980 च्या कायद्याखालील मान्यता होती का, हा एकच प्रश्न विचारावा. ती नसेल, तर तो आदेश वनजमिनीपुरता टिकणार नाही.

सातवी पायरी: गावकऱ्यांचे हक्क आणि गावाचा कारभार

वनजमीन विकत मिळत नाही, याचा अर्थ तेथे माणसांचा हक्क नाही असा नव्हे. वनहक्क कायदा, 2006 नुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना, तसेच त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षे तेथे राहून वनावर अवलंबून असलेल्या इतर पारंपरिक रहिवाशांना प्रत्यक्ष ताब्यातील, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंतच्या जमिनीचा हक्क मिळतो. रायगडमधील कातकरी आणि ठाकर कुटुंबांच्या दळी जमिनी (वनातील डोंगरउतारावर कसण्यासाठी मिळालेल्या) याच कायद्याखाली येतात. सह्याद्रीच्या उतारावरील गवळी-धनगरांच्या वाड्यांनाही याच कायद्याखाली दावा करता येतो, पण तीन पिढ्यांचा पुरावा गोळा करणे त्यांना फार जड जाते. हा हक्क वारसाने पुढे जातो. तो विकता येत नाही. एखाद्या कातकऱ्याकडून ‘वनपट्ट्याची जमीन’ साठेखताने घेणारा माणूस स्वतःचे पैसे घालवतो आणि त्या कुटुंबाचा एकमेव आधारही धोक्यात आणतो.

दावा ग्रामसभेकडे करायचा असतो. वनहक्क समिती जागेवर पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हास्तरीय समिती निर्णय देते. नमुना ‘अ’ वैयक्तिक, ‘ब’ सामुदायिक आणि ‘क’ सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी आहे. दावा फेटाळला गेला, तर वरच्या समितीकडे 60 दिवसांत जाता येते, म्हणून फेटाळल्याचे कारण लेखी मागावे.

कोकणातील गावांनी नमुना ‘क’ चा उपयोग आजवर फारच थोडा केलेला आहे आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या पारंपरिक हद्दीतील वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा कायदेशीर अधिकार येतो. वणवा रोखण्यासाठी जाळरेषा कोठे काढायच्या, शिकेकाई आणि हिरडा केव्हा गोळा करायचा, चराईसाठी कोणता भाग बंद ठेवायचा, हे ग्रामसभा ठरवू शकते. देवरहाटीभोवतीचे पाणी आणि झाडी पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या गावांना हे काम नवे नाही. कागद तेवढा नवा आहे.

वाडीला रस्ता, नळपाणी योजनेची वाहिनी किंवा अंगणवाडी हवी असेल आणि मध्ये वनजमीन येत असेल, तर वनहक्क कायद्याचे कलम 3(2) पाहावे. ठरावीक 13 सार्वजनिक सुविधांसाठी प्रत्येकी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने उपवनसंरक्षकांच्या पातळीवर मिळू शकते. अनेक सरपंच हे माहीत नसल्यामुळे ‘वनविभाग रस्ता होऊ देत नाही’ असे म्हणत वर्षे घालवतात.

आठवी पायरी: स्वतःच्या जमिनीतील झाडे

जमीन पूर्णपणे खासगी असल्याचे सिद्ध झाले, तरी महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, 1964 लागू असतो. खैर, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस अशी अनुसूचित झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तोडलेला माल हलवण्यासाठी वाहतूक पास लागतो. विकणाऱ्याने ‘आधी तोड करून देतो’ असे म्हटले, तर त्याला थांबवावे. खरेदीनंतर त्या तोडीची चौकशी नव्या मालकाच्या दारात येते, आणि खैराच्या बाबतीत ती हमखास येते.

इसार आधीच दिला असेल तर

वरीलपैकी एखादी नोंद उशिरा सापडली, तर खरेदीखत थांबवावे. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणजे विकणाऱ्याची मालकी सिद्ध झाली असे होत नाही, त्यामुळे नोंदणी उरकण्याची घाई कामाची नाही. विकणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस देऊन वनविभागाचा लेखी खुलासा ठरावीक मुदतीत मागावा आणि तोपर्यंत पुढची रक्कम देऊ नये. साठेखतात ‘सदर मिळकत कोणत्याही वनविषयक कायद्याच्या कक्षेत आढळल्यास संपूर्ण रक्कम व्याजासह परत करण्यात येईल’ असे कलम आधीच घातलेले असेल, तर रक्कम परत मागणे बरेच सोपे जाते. खरेदी पूर्ण झाली असेल आणि नंतर वनविभागाची नोटीस आली, तर त्या जागेवर कोणतेही नवे बांधकाम, नांगरट किंवा वृक्षतोड करू नये, नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि मूळ खातेदाराला सोबत घेऊन 1975 च्या कायद्याच्या कलम 6 खालील चौकशीचा अर्ज करावा. अर्जासोबत 1950 पासूनचे फेरफार, जुन्या पीकपाहणीच्या नोंदी आणि कलम 35(3) ची नोटीस बजावली गेली होती की नाही याविषयी माहितीच्या अधिकारात मिळालेले उत्तर जोडावे.